हळद अर्धी राहू नये म्हणून

"ताप किती आहे?" फोनवरची सिस्टर विचारत होती आणि मी थर्मामीटर उन्हात धरून बघत होते, एकशे दोन पॉइंट सहा, आणि पुढं ट्रेलर, मागं ट्रेलर, बाजूला ट्रेलर. गव्हाण फाट्याच्या अलीकडं आमची व्हॅन अर्ध्या तासापासून एका जागी उभी. हिरामावशीचे दात वाजत होते. मे महिन्याचं ऊन, पत्रा तापलेला, आणि ती कुडकुडत होती. माझी ओढणी, सीटवरचा टॉवेल, पोरीचं दुपटं, जे सापडलं ते मी तिच्यावर टाकलं होतं.

"एकशे दोन पॉइंट सहा," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"आत्ताच. म्हणजे आत्ताच चढला."

"तापाची गोळी दिलीत का काही?"

मी मावशीकडं बघितलं. तिचे डोळे मिटलेले.

"नाही," मी म्हणाले.

का म्हणाले ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली. मला भीती वाटली म्हणजे माझ्या तोंडातून आधी खोटं बाहेर पडतं आणि खरं मागून चालत येतं, तोपर्यंत फोन ठेवलेला असतो. सिस्टर म्हणाली, लवकर आणा, कॅज्युअल्टीत सांगून ठेवते. लवकर म्हणजे कसं आणू? रस्ता हलत नव्हता.

आमची आणि हिरामावशीची भिंत एक होती. पनवेलच्या गावठाणात एका लाइनीत चार खोल्या, शेवटची माझी आणि त्याच्या आधीची तिची. माझा नवरा ट्रेलरवर, न्हावा शेव्यातून माल भरून गुजरातला जायचा, आठ-आठ दिवस यायचा नाही. मी परभणीकडची, इकडं कोणाला ओळखत नव्हते. पोरगी पाच महिन्यांची होती. एका दुपारी ती रडायला लागली आणि थांबेचना, मग मी पण रडायला लागले. मावशी दार न वाजवता आत आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नक्की कोन रडतंय गो? तू का पोर?"

मला हसूच आलं. तिनं पोरीला उचललं, खांद्यावर टाकलं, पाठीवर थाप मारत म्हणाली, "नाव काय?"

मी माझं नाव सांगायला लागले तर म्हणाली, "तुझा नको. आयशीचा सांग."

"शांता."

"हाय का?"

"नाही. मी नऊ वर्षांची होते तेव्हा गेली."

ती पोरीला झुलवत गुणगुणायला लागली, आणि त्या गुणगुणण्यात मधेच शांता आली, शांताची लेक आली, शांताची नात आली. आई गेल्यापासून ते नाव माझ्यासमोर कोणी घेतलं नव्हतं. माझ्या लग्नात पण नाही, तिथं सावत्र आईचं नाव पत्रिकेत होतं. पोरगी झोपली तसं तिनं मला म्हटलं, "आता तू झोप," आणि माझ्याच खोलीत भिंतीला टेकून बसून राहिली.

मग मला कळलं की ती धवलारीण. इकडच्या आगरी लोकांच्या लग्नात गाणी म्हणणारी, गाणी म्हणून लग्न लावणारी. तांदूळ धुतानाचं गाणं वेगळं, मांडवाचं वेगळं, हळदीचं वेगळं, त्याला धवला म्हणतात. आणि धवल्यात त्या घरातल्या माणसांची नावं घालावी लागतात, असलेल्यांची आणि गेलेल्यांची पण. म्हणून ती कोणाला भेटली की आईचं नाव विचारायची. दूधवाल्याला, गॅसच्या सिलिंडरवाल्याला, मीटर बघायला आलेल्या माणसाला. तो मीटरवाला गोंधळून म्हणाला, "कशाला पाहिजे?" तर म्हणाली, "तुझ्या लग्नात लागल." तो म्हणाला, "लग्न झालं माझं." "मग पोराच्या लग्नात लागल. सांग."

दाराला कडी ती लावायची नाही. बाहेर जाताना उंबऱ्यावर सूप आडवं ठेवायची, म्हणजे घरात कोणी नाही. पोरगा किशोर नवीन पनवेलला सेक्टरात राहायचा, फ्लॅट चांगला, सून चांगली. ती दोन दिवस जायची आणि परत यायची. म्हणायची, "तिथं सगल्यांची दारा बंद. मी कोनाला नाव इचारू, लिफ्टला?"

पण एकटी होती ती. मला हे उशिरा कळलं. डीजे आले, बँजो आले, धवलारणीला कोण बोलावतंय. दोन वर्षं तिला एकही लग्न आलं नव्हतं. दुपारी सुके बोंबील साफ करताना ती पूर्ण धवला म्हणायची, कोणाच्या तरी नावाचा, आणि भिंतीपलीकडं ऐकणारी मी एकटी. मला अर्धे शब्द कळायचे नाहीत. तरी मी भांडी न वाजवता घासायचे.

मग श्रुती आली. उरणकडच्या गावातली, मावशीच्या माहेरातली पोरगी, बेलापूरला ऑफिसात कामाला. स्कूटी लावली, पदर घेतल्यासारखी ओढणी डोक्यावर घेतली आणि पानावर सुपारी ठेवून पुढं केली. मे महिन्यात लग्न. मावशीनं सुपारी घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. असं असतं, सुपारी घेतली की धवला पूर्ण होईपर्यंत ती परत द्यायची नाही. आजारपण आलं, घरात मयत झालं तरी दुसरी धवलारीण बघून द्यायची, आपण नाही म्हणायचं नाही.

दुसरी धवलारीण कुठून आणणार? श्रुतीच्या गावातली शेवटची दोन वर्षांपूर्वी गेली होती.

सुपारी आली दिवाळीनंतर आणि छातीतली गाठ कळली संक्रांतीनंतर. तिनं ती किती महिने लपवली होती ते तिलाच माहीत.

किशोर कामाला जायचा, सुनेची शाळेतली नोकरी, म्हणून केमोच्या दिवशी बरेचदा मीच जायचे बरोबर. मला बरं वाटायचं, घरात बसून भिंत बघण्यापेक्षा. पोरगी नर्स लोकांनी सांभाळलेली. पहिल्या दिवशी तो हॉल बघून मला घाम फुटला, रांगेनं खुर्च्या, प्रत्येकाच्या डोक्यावर सलाईन. मावशी दारात थांबली, सलाईनचे उभे दांडे निरखून बघितले, म्हणाली, "मांडव बराय. मेढी तेवढ्या लोखंडाच्या." आणि बसल्या बसल्या शेजारच्या माणसाला आईचं नाव विचारलं. तो माणूस कोणाशी बोलायचा नाही म्हणे, बायकोशी पण नाही. त्यानं छताकडं बघितलं आणि म्हणाला, "द्वारका." पुढच्या वेळी तो तिच्या शेजारची खुर्ची धरून बसलेला.

केस गेले तेव्हा तिनं रडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला पण रडता आलं असतं. तिनं सगळे केस एका पिशवीत जमवले आणि केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली तशी तिला हाक मारली. ती बाई एक वाटी द्यायला लागली. मावशी म्हणाली, "वाटी? चाळीस वर्षांचा खोबऱ्याचा तेल हाय त्यात." बाई म्हणाली, "मावशे, अर्धे पांढरे आहेत." "पांढरे जास्त टिकतात," मावशी म्हणाली, "काळे उद्या पांढरे होनार, हे झालेले हायेत." शेवटी स्टीलचा झाकणाचा डबा घेतला. त्यात ती औषधं ठेवायला लागली. डोक्याला फडकं बांधून मला विचारलं, "दिसते का मी धवलारीण?" मी म्हटलं, दिसतेस. "खोटा बोलताना तुझा कान लाल होतो," ती म्हणाली.

तारखा आल्या आणि घोटाळा झाला. श्रुतीची हळद पडली केमोनंतरच्या दहाव्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, हवं तर सलाईन आठ दिवस पुढं घेऊ, पण मला ते आवडणार नाही. किशोर म्हणाला, एक दिवस पण पुढं नाही. मग माझ्या खोलीत येऊन बसला, कारण तिच्या खोलीत त्याला बोलता येईना. मावशी मागोमाग आली.

"आई, त्यांनी डीजे सांगितलाय. तुझ्यावाचून लगीन अडत नाय."

"तेच सांगतंय मी. अडत नाय, तरी बोलावली."

"आणि तुला काय झाला म्हणजे?"

"मना झालेलाच हाय."

"दहावा दिवस आहे आई. डॉक्टरांनी काय सांगितला?"

"तू बोल डॉक्टरशी. तुझी आय हाय ना मी, का डॉक्टरची?"

किशोर उठून गेला. दोन दिवस फोन पण नाही. मी मनात म्हणत होते, त्याचंच ऐक. तिनं मला विचारलं, "तू येशील?"

"मला भीती वाटते, मावशी."

"मना पन वाटते. दोघी जाऊ."

केमो लावणाऱ्या सिस्टरला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी जा म्हणणार नाही, दहाव्या दिवशी अंगातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, साधा जंतू आत शिरला तरी शरीराला लढता येत नाही. पण ऐकणारच नसतील तर एवढं पाळा. आणि मला कागदावर लिहून दिलं, कारण मावशीला वाचता येत नव्हतं. तोंडाला मास्क. कोणी मिठी मारायची नाही. घरचं गरम खाणं. दर दोन तासांनी ताप बघायचा. शंभर पॉइंट चारच्या वर गेला की तासाभरात इथं. आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या, तापाची गोळी परस्पर द्यायची नाही. "गोळीनं ताप झाकतो," ती म्हणाली, "आजार झाकत नाही. तुम्हाला कळलं ना?" मी म्हटलं, कळलं. कळलं होतं मला. मी हे आवर्जून सांगते, मला कळलं होतं.

श्रुतीला कळल्यावर तिनं घरच्यांशी भांडून हळद सकाळी नऊला ठेवली. तिकडं हळद म्हणजे संध्याकाळपासून गर्दी, नाच, जेवणावळ. तिनं सांगितलं, नाच नंतर करा, धवला सकाळी होईल. किशोरला हे कळलं तेव्हा तो नरमला. व्हॅन त्यानंच सांगून दिली, आला मात्र नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, तुमच्या भरवशावर सोडतोय." तीसेक किलोमीटर, तासाचा रस्ता. नऊला सुरू, बाराला घरी. कागदावरचा तास त्यात बसत होता. तो रस्ता तासाचा सकाळीच असतो आणि दुपारी पोर्टाचे ट्रेलर सुटले की कोणाच्या हातात राहत नाही, हे मला माहीत पाहिजे होतं, माझा नवरा त्याच रस्त्यावर चालवतो. तिला तर जन्मापासून माहीत होता तो रस्ता. तरी दोघींनी धरलं की त्या दिवशी ट्रेलर नसतील.

मांडवात श्रुतीनं तिच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवलेली, आजूबाजूला पाट लावून जागा अडवलेली. पोरी लांबूनच नमस्कार करत होत्या. पण म्हाताऱ्या कोणाचं ऐकतात? एकजण काठी टेकत आली, पाट ओलांडला, तिच्या तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं. "हिरे, आता तोंड बांधून धवला बोलशील?" दोघी लहानपणी एका मिठागरावर राबलेल्या. मावशीनं मास्क परत वर नाही घेतला. मी कागद काढून उभी होते. कोणाला दाखवणार होते?

मग ती सुरू झाली. आधी आवाज बारीक, फाटका, पोरं मागं हसली पण. मग नावं आली. नवरीच्या आईचं, आजीचं, आजीच्या आईचं. एक नाव असं आलं की कोपऱ्यात हळद कालवणारी एक बाई हात तसाच ठेवून थांबली, तिची लहानपणी गेलेली बहीण होती ती. डीजेवाल्यानं आपणहून वायर काढली आणि मांडी घालून खाली बसला. मी तिला इतके महिने भिंतीपलीकडून ऐकत होते. ती अशी मोठी असते हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडं एकदा पण बघितलं नाही तिनं, आणि ते बरोबरच होतं.

साडेदहाला मी पाणी द्यायला गेले, तिचा हात लागला आणि मला चटका बसला. थर्मामीटर लावला. शंभर पॉइंट आठ.

"मावशी, उठायचं. आत्ता."

तिनं नवरीकडं बघितलं. एका अंगाला हळद लागली होती, दुसरं अंग कोरं. बायका पुढच्या ओळीसाठी थांबलेल्या.

"धवला मधी तुटला त काय सांगतील म्हायताय?" ती हळू बोलली. "उद्या हिला पोर नाय झाला, नवरा प्याला, तरी सांगतील, हळद अर्धी रायली होती. जलमभर सांगतील."

"सिस्टरनं सांगितलंय."

"तुझे पिशवीत गोळी हाय. तुझे डोक्यासाठी ठेवतेस ती."

"देता येत नाही."

"एक तास," ती म्हणाली आणि हात पुढं केला.

मी दिली. पाण्याबरोबर दिली. अर्ध्या तासात तिला घाम आला, ताप नव्व्याण्णववर आला, आणि मला वाटलं आपण उगीच घाबरलो. मला खरंच बरं वाटलं. मी पोरीला घेऊन मांडवात बसून भात खाल्ला. धवला पूर्ण व्हायला साडेबारा वाजले. तिनं पदराची गाठ सोडली, सुपारी नवरीच्या ओटीत घातली, श्रुतीनं वाकून नमस्कार केला. निघायला एक वाजला. पुढचं मी सांगितलंच आहे.

फाट्यावरून सुटायला दोन तास गेले. आमच्या ड्रायव्हरनं खाली उतरून हातापाया पडून एकेक गाडी मागं घ्यायला लावली. एका ट्रेलरवाल्यानं आत डोकावून बघितलं, मावशीचा चेहरा बघितला, आणि आपला अख्खा ट्रेलर कडेच्या मातीत उतरवला. त्या बिचाऱ्याचं चाक रुतलं. मावशी त्या तापात पण पुटपुटली, "त्याला इचार, आयशीचा नाव." मी विचारलं नाही. मला कुठं सुचत होतं?

कॅज्युअल्टीत तिच्या बोटाला मशिनचा चिमटा लावला तर आकडा येईना, बोटं हळदीनं भरलेली. सिस्टरनं स्पिरिटचा बोळा घेतला आणि एकेक बोट पुसायला लागली. किशोर धावत आला. डॉक्टर पण आले, रिपोर्ट बघत मला विचारलं, "ताप आधी आला होता का? काही गोळी दिली होती?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, या वेळी खरं सांगणार होते.

"मी घेतली," मावशी म्हणाली. डोळे न उघडता. "माझी मी घेतली. हिला म्हायती नाय."

डॉक्टर किशोरकडं बघून म्हणाले, त्यात चार-पाच तास गेले, हे तास महत्त्वाचे होते.

तिसऱ्या दिवशी आयसीयूच्या काचेपाशी मला पाच मिनिटं सोडलं. तिच्या तोंडावर ऑक्सिजन, हात चादरीवर, स्वच्छ धुतलेले. तिनं मला बघितलं. माझ्या मागून किशोर आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. मी ठरवून आले होते, त्याच्याकडं वळले, "भाऊजी," म्हणाले. आणि काचेपलीकडं तिनं मान हलवली. एकदा इकडं, एकदा तिकडं, सावकाश. माझ्याकडंच बघत. नको.

किशोर म्हणाला, "काय वहिनी?"

मी म्हणाले, "काही नाही."

तेवढंच तिचं शेवटचं दिसणं. चौथ्या दिवशी गेली.

बाराव्याला उरणकडची माणसं आली होती, श्रुती पण आली होती नवऱ्याला घेऊन. सगळे तिच्या धवल्याचं बोलत होते. किशोर मग एकदम म्हणाला, "तिला माहीत होता गोळी घ्यायची नाय. तरी स्वतःच्या हातानं घेतली. आमचा विचार नाय केला तिनं. नातवाचा पन नाय." आणि आत निघून गेला. सून मला म्हणाली, हे घरात रोज असंच बोलतात, त्यांनी आईंचा फोटो पण लावू दिला नाही.

आता तिच्या खोलीत दुसरे भाडेकरू आलेत, दाराला कडी असते. किशोर कधी भेटला की माझ्या पोरीसाठी बिस्किटं देतो, म्हणतो, वहिनी, तुम्ही केलं तेवढं सख्ख्यांनी केलं नसतं. मी पुडा घेते. सांगितलं तर तिनं मरताना जे मागितलं ते मी मोडलं. नाही सांगितलं तर तो तिच्यावर रागावूनच राहणार, आणि तिला तर आता बोलता पण येत नाही.

तुम्ही त्या मांडवात माझ्या जागी असता, नवरी अर्ध्या हळदीत बसलेली, बायका थांबलेल्या, आणि तिचा तापलेला हात तुमच्यापुढं, तर तुम्ही गोळी दिली असती का? आणि दिली असती, तर किशोरला सांगितलं असतं का?